एरंडीला हसायचं नाही

आमच्या सरांच्या प्रश्नांचं चौथं उत्तर कधीच बरोबर नसायचं. वर्षभर विज्ञान शिकवलं, वर्षभर प्रश्न विचारले, पण खरी लढत असायची ती अ, ब आणि क यांच्यातच. ‘ड’ म्हणजे नुसता वेडेपणा. झाडाची पानं हिरवी कशामुळे दिसतात? अ) हरितद्रव्यामुळे, ब) पाण्यामुळे, क) मातीमुळे, ड) परतवाड्याचा रंगारी येऊन रंगवून जातो म्हणून. लोखंड का गंजतं, याचं शेवटचं उत्तर होतं, ‘लोखंड रुसतं म्हणून.’ तपासणीला आलेले एक साहेब हे वाचून भडकले होते. “हा चौथा पर्याय काय प्रकार आहे?” सरांनी हात जोडले. “थो हसाले ठेवला आहे साहेब. हसलेलं पोरगं घाबरत नाही.” साहेबांना ते पटलं नाही, आम्हाला पटलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण ते अर्धंच उत्तर होतं, हे कळायला मला स्वतःला शिक्षिका व्हावं लागलं.

आमचं गाव अचलपूरच्या पलीकडे, एसटीच्या शेवटच्या थांब्याचं. सर मूळचे अकोल्याचे. परतवाड्याला खोली करून एकटेच राहायचे आणि सकाळच्या गाडीनं संत्र्याची लाकडी पेटी मांडीवर घेऊन यायचे. पेटीत गवत, गवतात लॅपटॉप. या रस्त्यावर गवतातली संत्री फुटत नाहीत, तर लॅपटॉप कशाला फुटेल, असं त्यांचं म्हणणं. कंडक्टर नवा असला की हमखास विचारायचा, “गुरुजी, संत्रं काय भाव?” सर गंभीरपणे सांगायचे, “पिकाचं आहे अजून, बापा.”

तो लॅपटॉप त्यांनी लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून जुना घेतला होता. सुरू केला की आधी पडद्यावर दोन हार एकमेकांत गुंतायचे, कडेनं फुलं पडायची, आणि मग प्रकाशसंश्लेषण यायचं. प्रोजेक्टरही त्याच शूटिंगवाल्याचा. पडदा म्हणजे सरांच्या अंथरुणावरची पांढरी चादर. तिच्यात बांबू घालायला वीतभर नेफा हवा होता, तो माझ्या अब्बांनी शिवून दिला होता. अब्बा गावातले टेलर, सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. चादर हातात घेऊन त्यांनी विचारलं होतं, “गुरुजी, शाळेत पिक्चर लावता काय?” सर म्हणाले, “हो. अन् पोरंच हिरो.” अब्बांना वाटलं, माणूस जरा सरकलेला आहे. तसा तो होताही.

इंटरनेटला सर ‘वारं’ म्हणायचे. खळ्यावर धान्य उपणताना जशी वाऱ्याची वाट पाहतात, तशी ते नेटची पाहायचे. टाकीजवळच्या निंबाखाली मोबाइल उंच धरून उभे राहायचे आणि वर्गाकडे बघून ओरडायचे, “आलं वारं! बसा रे!” शिपाईकाका घंटेपेक्षा या आरोळीवर जास्त भरवसा ठेवायचे. मुख्याध्यापकांचा मात्र मोबाइलवर रोष होता. शाळेत मुलांच्या हाती मोबाइल दिसला तर खपवून घेणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. सर म्हणाले, “पोरायच्या हाती कार्ड राहीन, मोबाइल माह्या एकट्याच्या हाती.” आणि ते खरं होतं.

ती कार्डं सांगायलाच हवीत. इंटरनेटवर अशी एक सोय होती की तिथून कार्डं छापून घ्यायची. प्रत्येकावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं वेगळंच चित्र. चारही कडांना बारीक अक्षरात अ, ब, क, ड. सरांनी चादरीवर प्रश्न टाकला की आपल्याला जे उत्तर वाटतं, त्याची कड वर करून कार्ड धरायचं. सर समोरून मोबाइल फिरवायचे, आरतीचं ताट फिरवावं तसा सावकाश. मोबाइल प्रत्येक कार्ड ओळखायचा आणि चादरीवर उत्तरांचे खांब उभे राहायचे. किती जणांनी ‘अ’ म्हटलं, किती जणांनी ‘ब’. शेजारणीच्या कार्डाकडे कितीही डोळे फाडून पाहिलं तरी उपयोग नव्हता, कारण तिचं चित्रच वेगळं. शेवटी सर हात लांब करून मोबाइल सगळ्यांच्या डोक्यांवरून उंच न्यायचे, क्षणभर तसाच धरायचे आणि मग खाली आणायचे. आम्ही समजायचो, वारं शोधून राहिले.

कार्डं लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर चिकटवलेली असायची. मागच्या बाजूला एक नाव. पण आमची नावं नाहीत. तूर, जवस, करडई, पळस, बिबा, मोह, चिंच, असली वऱ्हाडात उगवणारी नावं. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकानं डब्यात हात घालून चिठ्ठी काढायची, निघेल ते आपलं नाव, आणि ते कोणाला सांगायचं नाही. तास संपला की चादरीवर या नावांची यादी यायची, सगळ्यांत जास्त बरोबर असलेलं नाव वर. कोणीतरी विचारलं होतं, “सर, खरी नावं काहून नाही?” सर म्हणाले, “खरं नाव लिहिलं का त्याच्यात बाप दिसते, जात दिसते, मोहल्ला दिसते. बिब्याचा बाप कोन व्हय, सांग बरं?” कोणाला सांगता आलं नाही.

आणखी एक नियम होता. वर्गात जो बसेल त्याच्या हाती कार्ड. शिपाईकाका पाणी घेऊन आले आणि टेकले, की मिळालंच कार्ड. मुख्याध्यापक एकदा सरांना रागवायला म्हणून आले आणि आम्लाचा प्रश्न चुकवून गेले.

माझ्या चिठ्ठीत अंबाडी निघाली.

मी बोलताना अडखळायचे. अजूनही थकले की अडखळते. पाचवीत धडा वाचताना पहिल्याच शब्दावर अडले. वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि त्या दिवसापासून मी वर्गात तोंड उघडलं नाही. हजेरीला फक्त हात वर. शिक्षकांनी मला विचारणं सोडून दिलं, तेव्हा वाईट वाटण्याऐवजी मला सुटल्यासारखं झालं. नववीत हे सर आले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, “मले तोंडाची उत्तरं नको. हातानं बोला.” मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. असं वाक्य मला तोवर कोणी ऐकवलं नव्हतं.

पण पहिल्या दिवशी माझा हातही तोंडासारखाच वागला. कार्ड हातात नुसतं फिरत राहिलं, कुठली कड वर होती कोण जाणे. तास संपल्यावर चादरीवर यादी आली. मी वरून शोधत आले आणि अंबाडी सापडेना. खाली, आणखी खाली. अंबाडी म्हणजे मी, हे कोणाला ठाऊक नव्हतं, पण मला होतं ना! शेवटी सापडली. तिच्या खाली फक्त एकच नाव होतं, एरंडी.

वर्ग हसत होता. कारण एरंडीनं प्रत्येक प्रश्नाला ‘ड’ म्हटलं होतं. पानं रंगारी रंगवतो, लोखंड रुसतं, सगळं तिला मान्य. “कोन व्हय बे थे येडी?” मागून कोणीतरी ओरडलं. सर एरवी कधी आवाज चढवायचे नाहीत, त्या दिवशी चढवला. “एरंडीले हसाचं नाही! आजच सांगून ठेवतो. चुकते तं चुकते, पन कार्ड वर धरते का नाही? एक दिवस गैरहजर राह्यली तं सांगा मले.”

त्या दिवशी घरी जाताना मला त्या न पाहिलेल्या एरंडीची इतकी माया वाटली म्हणून सांगू! तिनं मला शेवटची होऊ दिलं नव्हतं. शेवटची झाले असते तर मी दुसऱ्या दिवशी कार्ड उचललं नसतं, हे मी स्वतःला ओळखून सांगते. मी भित्री होतेच, पण त्याहून जास्त हट्टी होते. एकदा मिटले की मिटले.

दुसऱ्या दिवशी मी कार्ड उचललं. मग रोजच. हात अडखळायचा थांबला. घरी धडा वाचून यायला लागले, कारण उद्या हातानं बोलायचं होतं. दिवाळीपर्यंत अंबाडी यादीच्या अर्ध्यावर आली, संक्रांतीपर्यंत वर. मधल्या सुट्टीत पोरं ‘अंबाडी कोण’ यावर पैजा लावायची आणि माझ्यासमोर बसून लावायची. माझा संशय कोणालाच येत नव्हता. एरंडी कोण, यावरही भांडणं व्हायची. एका बिचाऱ्या पोरानं तर आपण एरंडी नाही म्हणून आईची शपथ घेतली होती.

सरांच्या वर्गाची मागची भिंत म्हणजे भंगारवाल्याचं दुकान होतं. गांधीलमाशीचं रिकामं पोळं, पंख्याचं तुटकं पातं, सापाची कात, आणि अगदी वर एक नमुन्याचं कार्ड, नव्या मुलांना दाखवायला म्हणून लावलेलं. ते फिरून उलटंपालटं झालेलं वाटायचं. एकदा झाडलोट करताना मी स्टुलावर चढून ते सरळ करायला गेले, तर सर दारातूनच म्हणाले, “त्याले हात नको लावू व माय.” सापाच्या कातीलाही ते हात लावू द्यायचे नाहीत, त्यामुळे मला काही वाटलं नाही.

ते वर्ष बोंडअळीचं होतं. बाहेरून बोंड चांगलं दिसायचं आणि फोडलं की आत अळी. कापूस घरात आला नाही की गावात फक्त शेतकऱ्याचंच बिघडतं असं नाही. कापूस नाही तर नवे कपडे नाहीत, नवे कपडे नाहीत तर टेलर रिकामा. अब्बांनी हाताखालच्या माणसाला घरी पाठवलं. लग्नसराईचं जे थोडंफार काम होतं, त्याची काजं-बटणं करायला घरातलाच हात हवा होता. एका संध्याकाळी अम्मी भाकरी टाकत होती आणि अब्बा हळूच म्हणाले, “बेटा, तू तो स्कूल में भी चुपच बैठती. घर में बैठ, मेरे पास. काज सीख ले.” त्यात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं. त्यांनी एवढ्या मऊ आवाजात सांगितलं की मी नुसती मान हलवली. त्या वर्षी वर्गातले बरेच बाक रिकामे झाले होते. कोणी वेचणीला गेली, कोणी शेंदूरजनाघाटकडे संत्र्याच्या पॅकिंगला. माझाही बाक तसाच रिकामा होणार होता. मी अब्बांना दोष देत नाही. मुलगी शाळेत तोंड उघडत नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

दोन-तीन दिवसांनी ते माझा दाखला काढायला शाळेत आले. आमचा विज्ञानाचा तास चालू होता. ऑफिसला कुलूप होतं, बाबू पंचायत समितीत गेले होते. अब्बा आमच्या दाराशी येऊन उभे राहिले. गळ्यात टेप तसाच लटकत होता, काढायचा विसरले असावेत.

“या मास्टर, या,” सर म्हणाले. “बाबू येतपर्यंत बसा मागं. पन वर्गात बसाचं असन तं कार्ड घ्या लागते.”

अब्बा ओशाळून हसले. “मले काय समजते गुरुजी याच्यात?”

“याह्यले तरी काय समजते? धरा.”

अब्बा मागच्या भिंतीला टेकून बसले. प्रश्न सुरू झाले. मी मागे वळून पाहायची हिंमत केली नाही, पण त्यांचं कार्ड फिरवताना होणारी कागदाची खसखस मला ऐकू येत होती. हळूहळू ती खसखस घाईची झाली. एका प्रश्नाला तर ते चक्क मोठ्यानं म्हणाले, “अरे, थांबा ना गुरुजी, फिरवून राहिलो!” वर्ग खो खो हसला आणि अब्बाही हसले. कित्येक महिन्यांत ते घरी असे हसले नव्हते.

तास संपला. चादरीवर यादी आली. अब्बांच्या कार्डाचं नाव होतं ‘पाहुणा’. ते उठून चादरीजवळ गेले आणि खालून शोधायला लागले.

“हे पाह्य, मी! शेवटून दुसरा.” ते खूश झाले. “एकदम शेवटचा नाही ना! हे एरंडी कोन व्हय, तिच्याहून तं बरा आहो.” मग त्यांची नजर वर गेली. “अन् हे वरची? अंबाडी? तिचं तं एकही चुकलं नाही. कोनाची पोरगी व्हय?”

सगळा वर्ग पुढे झुकला. सगळ्यांनाच ते हवं होतं. मी सरांकडे पाहिलं. मोबाइलवर प्रत्येक कार्डाचं नाव त्यांना दिसायचं, त्यामुळे ते जाणून होते. ते एक शब्द बोलले असते तर माझं सगळं सुटलं असतं. माझा बाप इथे कशाला आला आहे, हेही त्यांना ठाऊक होतं, कारण गावात काही लपत नाही. पण ते चष्मा पुसत म्हणाले, “मास्टर, थे मी नाही सांगू शकत. ज्याचं त्यानं सांगावं.”

त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. पुढच्याच क्षणी कळलं, की ते माझ्याकडे बघतच नाहीयेत. मुद्दाम. सांगायचं का नाही, ते त्यांनी माझ्या हाती ठेवलं होतं. मग मी उठले. तोंडानं सांगणं शक्यच नव्हतं. चादरीपाशी गेले आणि माझं कार्ड उलटं करून अब्बांच्या हातावर ठेवलं.

गिऱ्हाइकांची नावं चिंधीवर लिहून कापडाला टाचायची सवय असल्यामुळे अब्बांना मराठी वाचता यायचं. त्यांनी एकेक अक्षर वाचलं. चादरीकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वर्ग थक्क होऊन बसला होता.

तेवढ्यात शिपाईकाका दारात आले. “बाबू आले जी. मास्टर, तुमचं काय काम होतं?”

अब्बा दाराकडे वळले. “काही नाही. पोरीचा डबा राह्यला होता घरी, थो द्याले आलतो.”

त्यांच्याजवळ डबा कुठेच नव्हता. एका हातात माझं कार्ड तेवढं होतं. सर लॅपटॉप गवतात ठेवत होते, त्यांनी मान वर केली नाही. “देला ना डबा? मंग झालं,” ते म्हणाले.

काजं मी तरीही शिकले. संध्याकाळी अब्बांच्या शेजारी बसून करायचे, आणि अब्बा मला धडा विचारायचे. मी अडले तर ते थांबायचे. त्यांनाही कोणी शिकवलं नव्हतं थांबायला, त्या दिवसानंतर ते आपणच थांबायला लागले.

मी आज अमरावतीच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात पडदा आहे, नेट आहे, निंबाखाली उभं राहावं लागत नाही. नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात मी कार्डं छापली, डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, सगळं सरांसारखं केलं. पर्याय मात्र चारही नीट काढले, मला ट्रेनिंगमध्ये तसं शिकवलं होतं. मुलं खूश होती. पण एक मुलगी पहिल्या दिवशी शेवटची आली आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं कार्ड दप्तरातून काढणं बंद केलं. मी समजावलं, लाडीगोडी लावली, नाव कोणाला ठाऊक नाही म्हणून सांगितलं. ती मान खाली घालून बसायची. ती मान मला चांगली ओळखीची होती, म्हणून जास्तच बेचैन झाले. एका रविवारी एसटी पकडून अकोल्याला गेले.

सर निवृत्त होऊन घरी असतात. दाढी वाढली आहे, गुडघे गेले आहेत. संत्र्याची पेटी अजून आहे, तिच्यात आता मांजर झोपते. त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, “काय व अंबाडी, मास्टर बरे आहेत?” माझं खरं नाव त्यांना आठवतं की नाही, देव जाणे. मी त्यांना त्या मुलीचं सांगायला लागले. सांगताना अडखळले. ते थांबले. पूर्वीसारखेच, दुसरीकडे बघत.

सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, “शेवटची आली म्हणते? असं कसं? तुह्या वर्गात एरंडी नाही काय?”

“एरंडी?” मला काही कळेना. “सर, ती आमच्या वर्गातली कोणीतरी मुलगी होती ना?”

सर भिंतीचा आधार घेत उठले, कपाटातून एक कार्ड काढलं. लग्नपत्रिकेच्या कागदावर चिकटवलेलं, कडा झिजलेल्या, वरती खिळ्याचं भोक, मागे नाव ‘एरंडी’. ते त्यांनी भिंतीवर डोक्याच्याही वर धरलं, जसं ते वर्गात पोळ्याच्या आणि कातीच्या वर लावलेलं असायचं. ‘ड’ची कड वर होती. मग दुसऱ्या, रिकाम्या हातात मोबाइल धरल्यासारखं करून त्यांनी तो हात उंच नेला आणि क्षणभर थांबवला.

मी रडले. सरळ रडले, लपवलं नाही. त्या माणसानं वर्षभर प्रत्येक प्रश्नाचं एक उत्तर फुकट घालवलं, साहेबांची बोलणी खाल्ली, वेडा म्हणवून घेतलं, ते एवढ्यासाठी की आमच्यातलं कोणी शेवटचं होऊ नये. आणि हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, ते पडू देईनात. “गुडघे माहे दुखते अन् वाकून तू राहिली,” म्हणाले. “चहा टाक बरं, साखर जास्त टाकजो.”

निघताना ते कार्ड त्यांनी मला दिलं.

सोमवारी मी वर्गाच्या मागच्या भिंतीवर खिळा ठोकला. प्रश्न पुन्हा लिहिले. पाणी का उकळतं? ड) त्याला राग येतो म्हणून. मुलं हसली. ती मुलगीही ओठ मिटून हसली, आणि कार्ड बाकाच्या आडोशानं जेमतेम वर केलं. मी मोबाइल फिरवला, तिच्यापाशी थांबले नाही, शेवटी हात उंच नेला. तास संपल्यावर यादी आली. ती खालून दुसरी होती.

मागून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, “बाई, ही एरंडी कोण आहे? सगळंच चुकलंय तिचं!” वर्ग हसायला लागला. मी तोंड उघडलं, आणि त्या दिवशी एकाही शब्दाला अडले नाही.

“एरंडीला हसायचं नाही,” मी म्हणाले. “ती रोज हजर असते.”

दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं कार्ड दप्तरातून स्वतः काढलं.